रेशीम आणि विष

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात शिरूर आणि दौंड हे दोन तालुके एकमेकांस लागून वसले आहेत. दोहोंच्या मधून भीमा नदी वाहते. तिच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड. हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, म्हणून येथे पाऊस बेताचाच पडतो. पूर्वी येथील शेती बहुतेक कोरडवाहू होती आणि ज्वारी व बाजरी हीच मुख्य पिके होती. पुढे धरणे झाली, कालवे निघाले आणि भीमा व घोड या नद्यांच्या काठी उसाचे हिरवे पट्टे पसरले. नदीपासून थोडे दूर गेले, की पुन्हा जुना माळ लागतो. तेथे खुरटे गवत, बाभळी, बोरी आणि उन्हाने तापलेले खडक दिसतात.

उसाच्या फडात ओल असते, सावली असते आणि पाचटाची ऊब असते. अशा जागी उंदीर माजतात व उंदरांच्या मागोमाग साप येतात. बांधावरच्या गवतात नाकतोडे उड्या मारतात. बाभळीच्या पिवळ्या फुलांवर मधमाश्या गुणगुणतात. या जीवांपैकी एकाजवळही सुतार-लोहाराने घडवलेले अवजार नाही. तरीही नाकतोड्याजवळ न झिजणारी कमान आहे, मधमाशीजवळ विषारी सुई आहे आणि सापाजवळ तर उंदराला क्षणात लोळवणारे द्रव्य आहे. ही साधने कोठे घडतात? ती त्या जीवांच्या शरीरातच घडतात, आणि ज्या पदार्थाची ती घडतात त्याला प्रथिन असे म्हणतात.

प्रथिन हा शब्द ऐकला, की डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे यांची आठवण होते. अंगाला बळ देणारा अन्नातील एक घटक, एवढीच त्याची ओळख अनेकांना असते. परंतु केस, नखे, पिसे, स्नायू, रक्ताला लाल रंग देणारे द्रव्य, अन्न पचवणारे रस या साऱ्यांत प्रथिनेच असतात. प्रत्येक प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्ले नावाच्या लहान लहान घटकांची एक माळ होय. या घटकांचे मुख्य प्रकार अवघे वीस आहेत. केवळ वीस मण्यांतून इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या वस्तू कशा घडाव्या, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर आपल्या लिपीत सापडते. ‘र’ आणि ‘स’ ही दोन अक्षरे एका क्रमाने मांडली तर ‘रस’ होतो. क्रम उलटला तर ‘सर’ होतो. अक्षरे तीच, परंतु अर्थ निराळा. दोन अक्षरांची ही गोष्ट, मग वीस प्रकारच्या शेकडो मण्यांच्या माळेतून किती अर्थ निघतील!

ही माळ दोरीसारखी सैल पडून राहत नाही. मण्यांच्या क्रमानुसार तिला घड्या पडतात, वळसे बसतात आणि शेवटी तिला ठरावीक आकार येतो. त्या आकारावरच तिचे काम अवलंबून असते. कोणत्या मण्यापुढे कोणता मणी ओवावा, याची नोंद प्रत्येक पेशीतील जनुकांत असते व ती आईबापांकडून पिल्लांकडे जाते. या नोंदीत क्वचित बारीक फरक पडतो. बहुतेक फरक निरुपयोगी किंवा घातक ठरतात. परंतु एखाद्या फरकाने अन्न मिळवणे किंवा शत्रूपासून बचावणे सोपे झाले, तर तो जीव तगतो व त्याची संतती वाढते. लाखो वर्षे असे होत गेले, म्हणजे प्राणी आपल्या परिस्थितीला जुळून येतो. यालाच अनुकूलन असे म्हणतात.

प्रथम कीटकांची साधने पाहावीत. उडताना टोळाचे किंवा नाकतोड्याचे पंख एका सेकंदात कितीतरी वेळा खाली-वर होतात. प्रत्येक हेलकाव्याला स्नायूंनीच सारे बळ लावावयाचे ठरवले, तर तो कीटक लवकरच थकून पडेल. १९६० साली टोर्केल वाइस-फॉग या डॅनिश शास्त्रज्ञाने टोळाच्या पंखांच्या सांध्यात एक रबरासारखे प्रथिन शोधून काढले. त्याला रेझिलिन असे नाव मिळाले. ते ताणले असता त्यात जी ऊर्जा साठते, तिचे शंभरांपैकी सुमारे ९७ भाग ते सोडताच परत मिळतात. पिसवेच्या मागच्या पायांच्या मुळाशीही हेच प्रथिन असते. ते दाबून धरावयाचे आणि एकदम सोडावयाचे, हेच पिसवेच्या उंच उडीचे रहस्य आहे.

रेशीमकिड्याचे प्रथिन माणसाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. पुणे जिल्ह्यातील काही शेतकरी उसाऐवजी तुती लावतात व तिच्या पाल्यावर या अळ्या पोसतात. पूर्ण वाढ झालेली अळी डोके हलवीत स्वतःभोवती कोश विणते. तिच्या शरीरात हे प्रथिन दाट रसाच्या रूपात साठलेले असते. तोंडाजवळच्या बारीक छिद्रातून तो रस ओढला जाताना त्यातील माळा एकमेकींस समांतर बसतात आणि रसाचा चिवट धागा होतो. या प्रथिनाला फायब्रॉइन म्हणतात. धाग्याचे दोन पदर चिकटवून ठेवणारा डिंक म्हणजे सेरिसिन, तोही प्रथिनच. कोश गरम पाण्यात टाकले, की हा डिंक सुटतो व धागा उलगडता येतो. एका कोशातून सुमारे एक किलोमीटर लांबीचा अखंड धागा निघू शकतो. अळीचे हे घर होते. माणसाने त्याचा शालू केला.

काजव्याचे प्रथिन याहून नवलाचे. अहिल्यानगर जिल्ह्यातील भंडारदऱ्याच्या परिसरात पावसाळ्याच्या तोंडाशी झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. काजव्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरेज नावाचे विकर असते. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे किंवा तिचा वेग वाढवणारे प्रथिन. हे विकर हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने एका द्रव्याचे ज्वलन घडवते. परंतु त्यातून उष्णता जवळजवळ निघतच नाही, केवळ प्रकाश निघतो. नर आणि मादी या प्रकाशानेच एकमेकांना ओळखतात.

मधमाशीच्या नांगीतही प्रथिन आहे. तिच्या विषातील मुख्य द्रव्य मेलिटिन हे अवघ्या २६ मण्यांची एक लहानशी माळ आहे. ती माळ पेशींच्या पातळ आवरणास भोके पाडते, म्हणून दंशाची आग होते. कामकरी माशीची नांगी काटेरी असल्यामुळे माणसाच्या कातडीतून ती परत निघत नाही आणि माशी प्राणास मुकते. पोळ्यातील मध व पिल्ले यांच्या रक्षणासाठी तिने दिलेली ही किंमत असते. मधमाश्यांच्या अभ्यासासाठी पुणे शहरात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली.

कीटकांकडून आता सापांकडे वळू. सापाला पाय नाहीत, बाहेरचे कान नाहीत आणि पापण्याही नाहीत. वरवर पाहता तो सर्वांत दुबळा प्राणी वाटेल. परंतु या उणिवा भरून काढणारी साधने त्याच्या अंगी आहेत. पोटाखालचे रुंद खवले जमिनीला धरतात व त्यांच्या आधाराने तो पुढे सरकतो. जमिनीतून येणारी कंपने त्याच्या जबड्याच्या हाडांतून आतील कानापर्यंत पोहोचतात. त्याची दुभंगलेली जीभ हवेतील गंधाचे कण टिपते आणि टाळूजवळील एका इंद्रियाकडे नेते. खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे हाडाने जोडलेले नसून लवचीक बंधाने जोडलेले असतात. त्यामुळे स्वतःच्या डोक्याहून मोठा उंदीरही तो सबंध गिळू शकतो.

गिळण्यापूर्वी मात्र उंदीर निपचित पडला पाहिजे. उंदराचे दात तीक्ष्ण असतात. झटापटीत सापाचा डोळाही जावयाचा. धामणीसारखे बिनविषारी साप भक्ष्याला जमिनीवर किंवा बिळात दाबून धरतात. अजगर त्याला वेटोळ्यांत आवळतो. विषारी सापाने निराळी युक्ती साधली आहे. माणसाच्या तोंडात जशा लाळेच्या ग्रंथी असतात, तशाच ग्रंथी सापाच्या पूर्वजांच्या तोंडात होत्या. त्यांच्यातील काही प्रथिने हळूहळू बदलत जाऊन त्यांचे विष झाले. म्हणून सापाचे विष हे मुळात शिकारीचे व पचनाचे साधन आहे. साप सूड घेतो, डूख धरतो, या गोष्टी कल्पित आहेत. माणूस हे सापाचे भक्ष्य नव्हे. पायाखाली आला किंवा कोंडीत सापडला, म्हणजेच तो माणसाला चावतो.

महाराष्ट्रात सर्पदंशाने होणारे बहुतेक मृत्यू चार सापांमुळे होतात. ते म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. भीमाकाठच्या शेतांत पहिले तिघे आढळतात. फुरसे खडकाळ, कोरड्या माळावर राहते. या चौघांची विषे दोन मुख्य प्रकारांनी काम करतात.

नाग आणि मण्यार यांचे विष प्रामुख्याने मज्जासंस्थेवर चालते. हात उचलावयाचा झाला, म्हणजे मेंदूची आज्ञा मज्जातंतूतून स्नायूपर्यंत येते. मज्जातंतूच्या टोकातून एक द्रव्य बाहेर पडते व ते स्नायूवरील ठरावीक प्रथिनात, किल्ली कुलपात बसावी तसे, बसते. मग स्नायू आकुंचन पावतो. नागाच्या विषातील एक प्रथिन साठ ते पंचाहत्तर मण्यांचे असते. ते नेमके या कुलपातच जाऊन अडकते. खरी किल्ली बाहेरच राहते आणि आज्ञा येऊनही स्नायू हलत नाही. प्रथम पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते, गिळता येईनासे होते व अखेर श्वास चालवणारे स्नायूही थांबतात. मण्यारीच्या विषातील काही प्रथिने तर मज्जातंतूचे टोकच निकामी करतात. मण्यार रात्री हिंडते. तिचा दंश फारसा दुखत नाही, दाताची खूणही पुष्कळदा दिसत नाही. म्हणून जमिनीवर झोपलेल्या माणसाला आपल्याला साप चावला हे कळतही नाही.

येथे मुंगसाची आठवण होणे साहजिक आहे. नागाशी झुंजताना मुंगूस मधूनच रानात जाऊन एक वनस्पती खाऊन येते, अशी समजूत खेडोपाडी आहे. १९९२ साली इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी मुंगसाच्या स्नायूवरील ते कुलूप तपासले. त्यांना असे दिसले, की त्यातील काही थोडे मणी बदललेले आहेत. त्यामुळे शरीराची स्वतःची किल्ली त्यात नीट बसते. नागाचे प्रथिन मात्र बसत नाही. मुंगसाचे औषध रानात नसून त्याच्या अंगातच आहे. अर्थात त्याची चपळाई आणि राठ केस यांचीही त्याला मदत होतेच.

घोणस आणि फुरसे यांचे विष प्रामुख्याने रक्तावर चालते. जखम झाली, की रक्त गोठून खपली धरते. हे काम रक्तातील अनेक प्रथिने एकामागून एक करीत असतात. घोणशीच्या विषातील विकरे या साखळीतील मधल्याच कड्या एकदम हलवतात. सगळ्या शरीरात रक्त गोठण्याची क्रिया उगीचच सुरू होते आणि गोठवणारी प्रथिने थोड्याच वेळात संपून जातात. मग खऱ्या जखमेतून रक्त वाहू लागले, तरी ते थांबत नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते, मूत्रपिंडेही बिघडतात. हे ओळखण्याची एक सोपी कसोटी डॉक्टर वापरतात. रोग्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती नळी न हलवता २० मिनिटे ठेवतात. नंतर नळी तिरपी करून पाहतात. रक्त पाण्यासारखे ओघळले, तर विष अंगात भिनले आहे असे समजतात.

इतक्या निरनिराळ्या विषांवर उतारा तरी कोणता? तोही प्रथिनांतूनच मिळाला. १८९१ साली व्हिएतनाममधील एका गावात पुराच्या पाण्यामुळे नाग शिरले आणि अनेकांना दंश झाले. आल्बेर काल्मेत हा फ्रेंच डॉक्टर त्या वेळी सायगाव येथे काम करीत होता. त्याने या विषाचा अभ्यास हाती घेतला. पुढे फ्रान्समध्ये परतल्यावर त्याने व त्याच सुमारास फिसालिक्स आणि बर्ट्रांड या दुसऱ्या दोन शास्त्रज्ञांनी, प्राण्याला विषाची अगदी थोडी मात्रा वरचेवर दिली असता त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी द्रव्ये तयार होतात, हे १८९४ साली दाखवून दिले. या द्रव्यांना प्रतिपिंडे म्हणतात. तीही प्रथिनेच. त्यांचा आकार असा असतो, की ती विषाच्या प्रथिनाला घट्ट बिलगतात. मग ते विष कोणत्याच कुलपात शिरू शकत नाही.

आजही सर्पदंशावरील लस घोड्यांच्या मदतीनेच तयार होते. घोडा मोठा प्राणी असल्यामुळे त्याच्यापासून पुरेसे रक्त घेता येते. त्याला विषाची सोसेल इतकीच मात्रा टोचतात व ती हळूहळू वाढवीत नेतात. त्याच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडे झाली, म्हणजे थोडे रक्त काढतात, त्यातील पिवळसर द्रव वेगळा करतात व लाल पेशी घोड्याला परत देतात. तो द्रव शुद्ध करून, वाळवून, लहान कुप्यांत भरतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेत ही लस अनेक वर्षे तयार झाली. पुणे जिल्ह्यातील नारायणगावीही ती तयार होते. तिच्यासाठी लागणारे विष तामिळनाडूतील इरुळा जमातीच्या सहकारी संस्थेकडून मिळत आले आहे. पिढ्यान्पिढ्या साप पकडण्यात निष्णात असलेल्या या लोकांनी १९७८ साली ही संस्था उभारली. ते साप पकडतात, त्याचे विष काढून घेतात आणि त्याला पुन्हा रानात सोडतात.

नागाच्या विषावर झालेली प्रतिपिंडे घोणशीच्या विषाला ओळखत नाहीत. म्हणून भारतातील लस चारही सापांची विषे वापरून करतात. चावलेला साप कोणता हे ठाऊक नसले, तरी या चौघांपैकी कोणाच्याही दंशावर ती देता येते. साप मारून किंवा पकडून दवाखान्यात नेण्याचे काहीच कारण उरत नाही.

परंतु या लसीला एक मर्यादा आहे. ती रक्तात फिरणारे विष धरते; विषाने आधीच केलेली मोडतोड ती दुरुस्त करू शकत नाही. मण्यारीने निकामी केलेले मज्जातंतूचे टोक किंवा घोणशीने बिघडवलेले मूत्रपिंड लसीने लगेच बरे होत नाही. म्हणून सर्पदंशात वेळेइतके मोलाचे दुसरे काही नाही.

भीमाकाठी उसाला पाणी देण्याची पाळी पुष्कळदा रात्री येते. शेतकरी दारे धरण्यासाठी अंधारात बांधावरून चालत जातो. त्याच वेळी घोणस उंदराच्या वाटेवर दबा धरून बसलेली असते. तोडणीच्या हंगामात बाहेरगावाहून आलेली कुटुंबे फडाजवळ कोप्या बांधून राहतात व जमिनीवरच निजतात. अशा ठिकाणी दंश होतो, तेव्हा घरची माणसे घाबरून जातात. कोणी मांत्रिकाकडे धाव घेतो, कोणी जखमेवर कोंबडी लावतो, कोणी कडुनिंबाचा पाला चावावयास देतो. कधी कधी रोगी बराही होतो आणि मंत्राची कीर्ती वाढते. खरे कारण वेगळेच असते. बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. ज्याच्या अंगात विष गेलेच नव्हते, तो मंत्राविनाही बराच झाला असता. ज्याच्या अंगात ते गेले आहे, त्याचे मात्र मंत्र ऐकण्यात गेलेले दोन तास जिवावर बेततात.

ही गोष्ट थोडीथोडकी नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मृत्यू पावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे दर वर्षी सुमारे ५८,००० माणसे. त्यांतील चौथ्या हिश्शाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती. बहुतेक मृत्यू खेड्यांत आणि घरीच झाले. निम्मे पावसाळ्यात झाले. २०२४ साली भारत सरकारने राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणावेत, असा तिचा संकल्प आहे.

हा संकल्प तडीस जाणे पुष्कळसे साध्या सवयींवर अवलंबून आहे. रात्री शेतात जाताना विजेरी आणि काठी बरोबर असावी. पायांत उंच बूट असावेत. पाचटात, सरपणात किंवा दगडांच्या ढिगात पाहिल्याशिवाय हात घालू नये. शक्यतो खाटेवर आणि मच्छरदाणी नीट खोचून झोपावे. दंश झालाच, तर रोग्याला धीर द्यावा. त्याला चालू किंवा पळू देऊ नये. अंगठी, कडे, बांगड्या, पैंजण काढून ठेवावे, कारण पुढे सूज येते. मोडलेल्या हाडाला जशी फळी बांधतात, तशी फळी बांधून तो हात किंवा पाय स्थिर ठेवावा. दोरीने करकचून आवळू नये, जखम कापू नये, रक्त चोखू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या सरकारी रुग्णालयात जावे. तेथे ही लस मोफत दिली जाते.

ज्या विषाने प्राण जातात, त्याच विषाने प्राण वाचवण्याच्या वाटाही दाखवल्या आहेत. काही माणसांचे रक्त जन्मतःच नीट गोठत नाही. १९३४ साली लंडनमधील मॅकफार्लेन या डॉक्टराने अशा रोग्यांच्या जखमांवर घोणशीच्या विषाचे अतिशय पातळ द्रावण लावले आणि रक्तस्राव थांबवून दाखवला. रक्त गोठण्याच्या काही तपासण्यांसाठी प्रयोगशाळांत हे विष आजही वापरतात. ब्राझीलमधील एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून रक्तदाब कमी करणारे कॅप्टोप्रिल हे औषध निर्माण झाले. १९८१ साली ते अमेरिकेत वापरात आले. फुरशाच्या विषातील एका प्रथिनाचा आकार पाहून, हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ न देणारे टिरोफिबन हे औषध रसायनशास्त्रज्ञांनी तयार केले.

हे ज्ञान अजून पुरे झालेले नाही. एकाच जातीच्या सापाचे विष निरनिराळ्या प्रांतांत थोडेथोडे निराळे असते, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांना आढळून आले आहे. तामिळनाडूतील सापांच्या विषावरून केलेली लस दुसऱ्या प्रांतात काही वेळा कमी गुणकारी ठरते. सर्वत्र सारखीच उपयोगी पडेल अशी लस करण्याचे प्रयत्न चालू आहेत.

शिरूर-दौंडच्या शिवारात साप नाहीसे झाले, तर उंदीर किती वाढतील आणि ऊस व धान्य यांची किती नासाडी करतील, याचा विचार प्रत्येक शेतकऱ्याने करावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिले आहे, ते यासाठीच. साप दिसला, तर दूर उभे राहून त्याला वाट द्यावी. घरात शिरला, तर जाणत्या सर्पमित्रास किंवा वनखात्यास कळवावे. रेशीम घडवणाऱ्या आणि विष घडवणाऱ्या घटकांत भेद नाही. भेद आहे तो त्यांच्या मांडणीत व उपयोगात. ती मांडणी ज्यांनी धीराने वाचली, त्यांनाच विषाचा उतारा सापडला. संकटाची वेळ आली असता त्या उताऱ्यापर्यंत वेळेवर पोहोचणे, एवढे काम मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.

शब्दार्थ

पर्जन्यछाया – डोंगराच्या आडोशामुळे कमी पाऊस पडणारा प्रदेश
पाचट – उसाची वाळलेली पाने
कोपी – ऊसतोडणी कामगारांची तात्पुरती झोपडी
दारे धरणे – पिकाला पाटाचे पाणी देणे
निपचित – हालचाल न करता पडलेला
डूख धरणे – मनात वैर ठेवणे
उतारा – विषाचा प्रभाव नाहीसा करणारे औषध
विजेरी – बॅटरी

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या मधून कोणती नदी वाहते?
(आ) टोळाच्या पंखांच्या सांध्यात कोणते प्रथिन सापडले?
(इ) रेशमाच्या धाग्यातील डिंकाला काय म्हणतात?
(ई) सर्पदंशावरील लस कोणत्या प्राण्याच्या मदतीने तयार होते?

प्रश्न २. कारणे द्या.
(अ) मण्यार चावल्याचे माणसाला पुष्कळदा कळत नाही.
(आ) चावलेला साप पकडून दवाखान्यात नेण्याची गरज नसते.
(इ) मांत्रिकाच्या उपायाने कधी कधी रोगी बरा झाल्यासारखा वाटतो.

प्रश्न ३. थोडक्यात लिहा.
(अ) ‘रस’ आणि ‘सर’ या शब्दांच्या उदाहरणाने पाठात कोणती गोष्ट समजावून दिली आहे?
(आ) नागाचे विष आणि घोणशीचे विष यांच्या कार्यांतील फरक सांगा.
(इ) नागाच्या विषाचा मुंगसावर परिणाम का होत नाही?

प्रश्न ४. (अ) वाक्यात उपयोग करा : जिवावर बेतणे, प्राणास मुकणे, तडीस जाणे.
(आ) ‘रस – सर’ यांप्रमाणे अक्षरांचा क्रम बदलून अर्थ बदलणाऱ्या शब्दांच्या पाच जोड्या लिहा.

उपक्रम : आपल्या गावापासून सर्वांत जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, तेथे पोहोचण्यास किती वेळ लागतो व सर्पदंशावरील लस तेथे मिळते का, याची वडीलधाऱ्यांच्या मदतीने माहिती मिळवा. ती माहिती घरात सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लिहून लावा.